‘कुठलीही चालते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ऑपरेटिंग सिस्टिमचा वाद आता निकाली निघाला, असं हल्ली आयटी कंपन्यांमध्ये सर्रास ऐकू येतं. म्हणणारे नवखे नसतात. चांगली दहा-पंधरा वर्षं कोड लिहिलेली मंडळी असतात. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: एडिटर तिन्हीकडे तोच, ब्राउझर तोच, गिट तेच, डॉकर तेच. कोड शेवटी चालणार तो कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या लिनक्सवर. विंडोजच्या पोटात आता लिनक्स येऊन बसलंय, मॅक मुळातच युनिक्स घराण्यातलं. मग मिळेल तो लॅपटॉप घ्यावा आणि कामाला लागावं. मॅक भारी की विंडोज, की लिनक्स, यावर टपरीवर चहाचे चार ग्लास संपवणं म्हणजे कॉलेजच्या पोरांची हौस.

या म्हणण्यात बरंच तथ्य आहे, म्हणूनच ते खोडावं लागतं. २००५ साली विंडोजवर रुबी किंवा पायथॉनचं काम करणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. आज तसं नाही. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आणली, तेव्हापासून दिवसभर चार्जर न लावता कोड कंपाइल करता येतो, आणि त्या बाबतीत लिनक्सवाल्यांनी मान खाली घालून गप्प बसावं हे बरं. एडिटरची खिडकी उघडून बसलेल्या माणसाला आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत हे तासन् तास आठवतही नाही, हेसुद्धा खरं.

पण हा सगळा हिशेब चांगल्या दिवसाचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा होतच नाही. काल चार मिनिटांत उरकणारा बिल्ड आज वीस मिनिटं घेतो, माउसचा बाण मध्येच थिजतो, कुठलंसं ॲप्लिकेशन उघडायला अर्धा मिनिट लागतं आणि कुणी कशाला हात लावलेला नसतो, त्या दिवशी ती होते. अशा वेळी एडिटर कुठला हे कुणी विचारत नाही. तुम्हाला किती खोल उतरता येतं, आणि तळाशी दोष सापडलाच तर त्याला हात लावायची मुभा आहे का, एवढंच बघितलं जातं. तिन्ही सिस्टिममधला खरा फरक इथे आहे, आणि ‘कुठलीही चालते’ म्हणणाऱ्यांच्या यादीत नेमका हाच मुद्दा नसतो.

आधी विंडोज घेऊ, कारण लिनक्सवाले तिच्यावर एक अन्याय हमखास करतात. विंडोजमध्ये आतलं काही दिसतच नाही, सगळा बंद डबा, असं ते म्हणतात. हे साफ खोटं आहे. ‘इव्हेंट ट्रेसिंग फॉर विंडोज’ ही सोय इतकी ताकदवान आहे की कुठला थ्रेड कुठल्या लॉकपाशी किती मिलिसेकंद ताटकळला हे ती सांगते. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘प्रोसेस मॉनिटर’ चालू केलं की एखादा प्रोग्रॅम कुठल्या फाइलला आणि रजिस्ट्रीच्या कुठल्या चावीला हात लावतो ते ओळीने दिसतं. २००६ साली मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकतच घेतली. आजही कुणी विंडोजवर गंभीर काम करणार असेल तर त्याने सर्वांत आधी हा संच उतरवून घ्यावा.

तर या विंडोजवरचा एक किस्सा. ब्रूस डॉसन हे गूगलमध्ये क्रोमच्या विंडोज आवृत्तीवर काम करत. २०१७ साली त्यांच्या टेबलाखाली २४ कोरचं, ४८ थ्रेडचं विंडोज १० मशीन होतं. क्रोमचा बिल्ड लावला की माउस अडकायचा. चोवीस कोर आणि माउस हलत नाही! सीपीयूचा भार पाहावा तर तो पुरेसा मोकळा. डॉसन यांनी ट्रेस घेतला आणि खणत गेले. क्रोमच्या बिल्डमध्ये हजारो छोटे प्रोसेस जन्मतात आणि मरतात. प्रोसेस मरताना विंडोजच्या गाभ्यातलं एक कुलूप लागतं, आणि एका वेळी एकच प्रोसेस त्यातून पार होतो. बाकीचे रांगेत. माउस आणि खिडक्या हलवणाऱ्या कामालाही तेच कुलूप लागत असल्याने तेही त्याच रांगेत उभे. विंडोज ७ वर हा प्रकार नव्हता, नव्या आवृत्तीत कुणाच्या तरी हातून शिरला होता. डॉसन यांनी हजार प्रोसेस जन्माला घालून एकदम मारणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून दोष सिद्ध करून दाखवला. कुठल्या फंक्शनमध्ये अडकतं तेही सांगितलं.

आणि मग? मग ते थांबले. थांबण्यावाचून इलाज नव्हता. गूगलसारख्या कंपनीतला, कामगिरीचे दोष शोधण्यात वाघ असलेला माणूस, नेमक्या जागेवर बोट ठेवून बसलेला, आणि तिथला एक शब्दही बदलण्याची त्याला सोय नाही. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनेच करायची, मायक्रोसॉफ्टच्या सवडीने. आपल्याकडे सोसायटीच्या मीटर-रूमला जाळीचं दार असतं: कुणाचा मीटर गरगरतोय ते बाहेरून दिसतं, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. विंडोज नेमकी अशी आहे. दिसतं भरपूर. डॉसन यांना किमान तक्रार कुठे न्यायची आणि ती कोण वाचेल हे माहीत होतं. तुमच्या-माझ्यासारख्याची तक्रार फीडबॅकच्या महासागरात जाते.

मॅकचं दुखणं निराळं. तारीख १२ नोव्हेंबर २०२०. ‘बिग सर’ ही नवी आवृत्ती त्याच दिवशी आली. त्या दिवशी जगभरातल्या मॅकवर ॲप्लिकेशन्स उघडेनात. ज्यांनी नवी आवृत्ती घेतलेलीच नव्हती त्यांच्याकडेही. कारण शोधायला वेळ लागला नाही. मॅकवर ॲप उघडताना ‘ट्रस्टडी’ नावाचा प्रोसेस त्या ॲपच्या डेव्हलपरचं प्रमाणपत्र अजून वैध आहे ना, हे ॲपलच्या सर्व्हरला विचारतो. इंटरनेट नसेल तर ही चौकशी मुकाट सोडून दिली जाते. त्या दिवशी मात्र सर्व्हर पूर्ण बंद नव्हता, रखडत होता. त्यामुळे प्रत्येक मॅक उत्तराची वाट पाहत बसला. गंमत अशी की वायफाय बंद केलं की सगळं झटक्यात चालू! शहाण्या लोकांनी होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकून तो पत्ताच अडवला आणि काम सुरू ठेवलं.

आता कुणी म्हणेल, सर्व्हर एखाद्या दिवशी रखडतोच, त्यात काय? सर्व्हर रखडण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर, डिस्कवर आधीपासून असलेला प्रोग्रॅम उघडायला कॅलिफोर्नियाची परवानगी लागते, हे बहुतेक वापरकर्त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझं बोट या गोष्टीवर आहे. त्याच बिग सरमध्ये आणखी एक भानगड निघाली. ॲपलच्या स्वतःच्या काही ॲप्सची रहदारी बाहेरच्या कंपन्यांच्या फायरवॉलला दिसणारच नाही, अशी एक यादी सिस्टिममध्ये होती. बोंबाबोंब झाल्यावर ११.२ आवृत्तीत ती काढली. काढली हे चांगलंच, पण घालताना कुणाला विचारलं होतं?

आणि खोल उतरायचं म्हटलं तर? मॅकवर ‘डीट्रेस’ आहे. मूळचं सोलारिसवरचं, अतिशय देखणं अवजार. पण २०१५ पासून मॅकवर सिस्टिमच्या फायलींभोवती जे संरक्षक कुंपण आलं, त्यामुळे ॲपलच्या स्वतःच्या प्रोग्रॅम्सवर ते लावता येत नाही. लावायचं तर मशीन बंद करा, रिकव्हरीमध्ये जा, कुंपण उतरवा, पुन्हा चालू करा. ते कुंपण चोरापासून वाचवतं, मान्य. सामान्य माणसासाठी ते असावं हेही मान्य. पण दोष शोधायला बसलेल्या डेव्हलपरला घराच्या मालकीचा पुरावा दर वेळी दाराबाहेर उभं राहून दाखवावा लागतो.

आता तिसरा किस्सा. तो सांगितल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. २०२४ चा मार्च. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे इंजिनिअर. डेबियनच्या ‘सिड’ या कायम बदलत्या आवृत्तीवर ते काही सूक्ष्म मोजमापं घेत होते. मोजमाप स्थिर यावं म्हणून मशीन शांत असायला हवं, आणि ते होईना. एसएसएचचे प्रोसेस विनाकारण सीपीयू खात होते. बाहेरून कुणी तरी चुकीची नावं टाकून लॉगिनचा प्रयत्न करत होतं, जसं इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनवर चोवीस तास होत असतं. असे प्रयत्न तत्काळ फेटाळले जायला हवेत, मग सीपीयू का खातात? लॉगिनलाही अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपल्यापैकी नव्व्याण्णव जणांनी खांदे उडवले असते.

फ्रॉइंड यांनी ‘पर्फ’ लावून पाहिलं. वेळ ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीत जात होता, पण कुठल्या फंक्शनमध्ये ते कळेना, कारण त्या पत्त्याला नावच नव्हतं. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या चाचण्यांत ‘व्हॅलग्रिंड’ने केलेली एक विचित्र कुरकूरही त्यांना आठवली. मग त्यांनी लायब्ररीचा सोर्स उघडला, पॅकेजमधल्या फायली आणि गिटमधल्या फायली ताडून पाहिल्या. गिटमध्ये नसलेली एक ओळ पॅकेजमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती. ती ओळ चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, बिघडलेल्या वाटणाऱ्या फायलींमधून कोड बाहेर काढत होती. ही लायब्ररी ज्या ‘एक्सझेड’ प्रकल्पातली, त्यात दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावत आलेल्या, जिया टॅन असं नाव लावणाऱ्या कुणी तरी मागचं दार बसवलं होतं. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. तोवर ते दार प्रमुख डिस्ट्रिब्यूशन्सच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. आणखी काही महिने गेले असते तर जगातल्या लक्षावधी सर्व्हर्सना ते लागलं असतं.

हा किस्सा ऐकल्यावर ‘कुठलीही चालते’वाले उसळून म्हणतात, बघा, तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येच हे घडलं! एका थकलेल्या, बिनपगारी माणसाच्या खांद्यावर उभी असलेली लायब्ररी, आणि कुणीही येऊन तिच्यात विष कालवतो! बरोबर आहे. लिनक्स जास्त सुरक्षित असल्याचं हे प्रमाणपत्र नव्हे, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. मी सांगतोय ते वेगळं. फ्रॉइंड सुरक्षातज्ज्ञ नव्हते. ती लायब्ररी त्यांची नव्हती, एसएसएचही त्यांचं नव्हतं. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कुठलं कुंपण उतरवावं लागलं नाही. डेटाबेसच्या मोजमापापासून निघून लॉगिनच्या प्रोग्रॅममधून, कॉम्प्रेशनच्या लायब्ररीतून, थेट बिल्ड स्क्रिप्टच्या ओळीपर्यंत ते एका दमात उतरले, कारण वाटेत कुठेही दार नव्हतं. हाच अर्धा सेकंद बंद सिस्टिमच्या आतल्या लायब्ररीत गेला असता, तर त्यांनी डॉसन यांच्यासारखं नेमकं बोट ठेवलं असतं आणि उत्तराची वाट पाहिली असती. आणि हो, फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच होते.

आता विंडोजच्या पोटातल्या लिनक्सकडे वळू, कारण समोरच्या बाजूचा हुकमी एक्का तोच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स आणलं, सगळे त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात. पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा कर्नल नव्हता. लिनक्सचे सिस्टिम कॉल विंडोजच्या कर्नलसाठी भाषांतरित केले जात. हे कष्टाचं काम होतं, हुशारीचंही होतं, आणि टिकलं नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सरळ खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला. म्हणजे जगातली सर्वांत श्रीमंत सॉफ्टवेअर कंपनी लिनक्ससारखं वागून पाहून थकली आणि अखेर लिनक्सच घेऊन आली. यावरून वाद संपला असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग कुणाच्या बाजूने संपला तेही म्हणा.

मशीनच्या आत मशीन आलं की त्यांच्यामध्ये भिंतही येते. सी ड्राइव्हवर प्रकल्प ठेवून आतल्या लिनक्समधून गिट किंवा नोड चालवा. हजारो छोट्या फायलींचं काम असेल तर चहा करून या. मायक्रोसॉफ्टची अधिकृत पुस्तिकाच सांगते की फायली लिनक्सच्या बाजूला ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये बदल झाला तर त्याची खबर आतल्या लिनक्सला लागत नाही, त्यामुळे फाइल सेव्ह करताच पान आपोआप ताजं करणारे वेब सर्व्हर झोपून राहतात. आतल्या लिनक्सची डिस्क ही विंडोजच्या दृष्टीने एकच भलीमोठी फाइल. आत कितीही साफसफाई करा, मूळ मांडणीत ती फाइल फुगते पण आपणहून आकसत नाही. आणि यातलं काही बिघडलं की आधी हे ठरवा, की दोष लिनक्सचा, विंडोजचा, की मधल्या भिंतीचा. खोल उतरायला आता दोन विहिरी झाल्या.

एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. लिनक्स कर्नलचा सोर्स गिटने उतरवून घ्या. मॅकवर गिट शेवटी इशारा देतं की काही फायलींची एकमेकींशी टक्कर झाली आणि प्रत्येक जोडीतली एकच फाइल डिस्कवर आली. नेटफिल्टरच्या फोल्डरमध्ये दोन फायली आहेत, नावातली अक्षरं तीच, एकात ‘टीसीपीएमएसएस’ मोठ्या लिपीत, दुसरीत लहान. लिनक्सला त्या दोन फायली वाटतात. मॅकची फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत मोठं-लहान अक्षर एकच समजते, त्यामुळे एक दुसरीवर बसते. विंडोजवर तर गिट आधीच ठेचकाळतं: एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या ‘नूव्हो’ ड्रायव्हरच्या फोल्डरात ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे, आणि ‘ऑक्स’ हे नाव डॉसच्या जमान्यापासून सीरियल पोर्टसाठी राखून ठेवलेलं. ज्या पोर्टची वायर नव्या पिढीने पाहिलेली नाही, त्याच्या नावाने आजची फाइल अडते.

कर्नल कोण उतरवतं रोज, असं म्हणाल तर नेहमीचं उदाहरण घ्या. लिनक्स सर्व्हरवर चाललेली शेल स्क्रिप्ट मॅकवर चालवा. ‘सेड’ची फाइलमध्येच बदल करणारी कमांड वेगळा आर्ग्युमेंट मागते आणि भलतंच काही करून बसते. बॅशमध्ये नावांच्या ॲरे वापरल्या असतील तर स्क्रिप्ट मोडते, कारण ॲपल देतं ते बॅश ३.२, सन २००६ चं. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना ॲपलला पटला नाही, म्हणून घड्याळ तिथेच थांबलं. यावर सगळे होमब्रू टाकतात आणि पुढे जातात, मीही हेच सुचवीन. पण ‘मॅक म्हणजे युनिक्सच’ या वाक्याची किंमत त्यातून कळते. शिवाय मॅकवर डॉकर चालतं तेही आत लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घेऊनच.

विंडोजच्या कुरापतींची यादी मी लांबवत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. २०२४ साली स्टार्ट मेन्यूत ‘शिफारशी’च्या नावाखाली जाहिराती आल्या. मायक्रोसॉफ्टचं खातं नसेल तर नवं मशीन सुरू करणं आवृत्तीगणिक अवघड केलं जातंय. ‘रिकॉल’ या विंडोजमधल्या सोयीने दर थोड्या वेळाने स्क्रीनचे फोटो काढून ते कूटबद्ध न केलेल्या डेटाबेसमध्ये ठेवायचं ठरवलं होतं, टीकेनंतर मागे घेतलं आणि सुधारून पुन्हा आणलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय किंवा नवा प्रोसेसर नसल्याने ठणठणीत लॅपटॉप विंडोज ११ च्या दाराबाहेर राहिले. एक गोष्ट मात्र मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर जमा करायला हवी: २०२३ साली त्यांनी डेव्हलपरांसाठी ‘डेव्ह ड्राइव्ह’ आणला, ज्यावर अँटिव्हायरस जरा उसंत देऊन फायली तपासतो. हजारो फायलींच्या बिल्डमध्ये विंडोज का रखडते, याची ती एका परीने कबुलीच.

लिनक्सवाल्यांनी आतापर्यंत माना डोलावल्या असतील. थोडं त्यांच्याकडेही.

आपली बाजू हा वाद जिंकत नाही याला निम्मं कारण आपण आहोत. लॅपटॉपचं झाकण मिटवून बॅगेत टाकला आणि काढल्यावर तो तव्यासारखा तापलेला, हा अनुभव आजही लिनक्सवर येतो. कारण खरं तर उत्पादकांनी जुनी गाढ झोप काढून नवी अर्धवट झोप आणली, त्यात आहे. पण हे ऐकणाऱ्याला कारण नको असतं, थंड लॅपटॉप हवा असतो. स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या ‘वेलँड’चं काम २००८ ला सुरू झालं, आणि कित्येक वर्षं एडिटरसारख्या इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या ॲप्समध्ये वेलँडखाली मराठी टाइप करायला वेगळा फ्लॅग द्यावा लागत होता. इन्स्क्रिप्टवर ‘ज्ञानेश्वरी’ टाइप करायला घेतलेल्या माणसाला ‘कमांड लाइनवर हा पर्याय दे’ असं सांगणं हा कसला न्याय? याच लिनक्सच्या जगात लोहित हे देवनागरी फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं नीट सांभाळले, तेव्हा हे काम जमत नाही असं नाही. लक्ष दिलं की जमतं.

उबुंटूने तर विंडोजची री ओढली. २२.०४ मध्ये ‘एपीटी’ या नेहमीच्या पॅकेज कमांडने फायरफॉक्स मागावा आणि हाती यावं ‘स्नॅप’चं पॅकेज. मागितलं एक, मिळालं दुसरं, आणि सांगणारं कुणी नाही. हे वागणं रेडमंडच्या कंपनीने केलं असतं तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. फरक उरतो तो एवढाच, की लिनक्स मिंटने २०२० सालीच स्नॅपला मूळ मांडणीतून बाहेर ठेवलं, आणि उबुंटूवर चिडलेला माणूस त्याच सवयी, त्याच कमांड्स घेऊन संध्याकाळपर्यंत मिंटवर जाऊ शकला. विंडोजवर चिडलेल्याला दुसऱ्या कुणाची विंडोज मिळत नाही.

आणि खोल उतरण्याची मुभा म्हणजे बुडण्याचीही मुभा, हे २०२१ च्या नोव्हेंबरात यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन यांनी जगाला दाखवलं. ‘पॉप ओएस’ या लिनक्सवर त्यांनी गेम्ससाठीचं ‘स्टीम’ टाकायला घेतलं. पॅकेजमध्ये त्या दिवशी दोष होता. सिस्टिमने इशारा दिला की हे घातक ठरू शकतं, पुढे जायचं असेल तर ‘हो, मी सांगतो तसं कर’ हे वाक्य टाइप करा. त्यांनी केलं, आणि सगळा डेस्कटॉप साफ झाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा ‘वाचता येत नाही का’ म्हणून त्यांची टर उडवली. एपीटी लिहिणारे मात्र शहाणे निघाले. त्यांनी त्याच महिन्यात असा बदल केला की अत्यावश्यक पॅकेजेस काढून टाकणारा मार्ग सिस्टिमने आपणहून सुचवूच नये.

आता समोरच्यांचा शेवटचा बाण. एवढं खोल जायचंय कुणाला? दहा हजारांत एक डॉसन, लाखात एक फ्रॉइंड. बाकीच्यांनी पगारापुरता कोड लिहायचा.

हे म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात फ्रॉइंड जन्माला येतो कसा याचा विचार नाही. पर्फ लावता येतं, सोर्स उघडता येतो, हे माणूस लाखमोलाच्या दोषावर शिकत नाही. रोजच्या क्षुल्लक कुरकुरींवर शिकतो. प्रिंटर का अडला, ही स्क्रिप्ट दोनदा का चालते, डिस्क कशाने भरली. ज्या यंत्रावर या प्रश्नांची उत्तरं ‘रिस्टार्ट करून बघा’ एवढीच असतात, त्यावर ती सवय लागत नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेसाठी चौसष्ट बिटी लिनक्सची शिफारस छापलेली असते. तीच मुलं पुढे नोकरीला लागतात आणि पहिल्या दिवशी हातात येतो तो कंपनीचा विंडोज लॅपटॉप, ॲडमिनचे अधिकार काढून घेतलेला. पायथॉनची नवी आवृत्ती टाकायला तिकीट. होस्ट्स फाइल बदलायला तिकीट. ट्रेस घ्यायचा म्हटला तर मॅनेजरची मंजुरी. खोल उतरणारे कमी का, याचं उत्तर या रांगेत आहे.

याला कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं: सुरक्षा. लिनक्स लॅपटॉप सांभाळता येत नाहीत, त्यांच्यावर नजर ठेवता येत नाही, हरवला तर डेटा जाईल. पण डिस्क कूटबद्ध करण्याची सोय लिनक्समध्ये इन्स्टॉल करतानाच एका टिचकीवर मिळते. नजर ठेवणारी सॉफ्टवेअर्स बहुतेक सगळ्या मोठ्या सुरक्षा कंपन्या लिनक्ससाठीही विकतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं सर्व्हर लिनक्सवरच चालवतात. आणि हे सांभाळणं अशक्य असेल तर गूगलने काय केलं म्हणायचं? तिथल्या इंजिनिअरांसाठी कंपनीने आधी उबुंटूवर आधारित ‘गूबुंटू’ आणि नंतर डेबियनवर आधारित ‘जीलिनक्स’ ही स्वतःची डिस्ट्रिब्यूशन वर्षानुवर्षं चालवली, आणि गूगलला सुरक्षेची फिकीर नसते असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा आयटी विभागाने सुरक्षेचं नाव पुढे करण्याऐवजी खरं कारण सांगावं: एकच इमेज सांभाळायची आहे, दुसरीसाठी माणूस नेमायचा नाही, आणि त्या न नेमलेल्या माणसाचा पगार रोज तिकिटांच्या रांगेत उभे असलेले डेव्हलपर भरतात.